आजीचा थेंब आणि मेसमधला सॉस

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आजी धाराशिवजवळच्या खेड्यात राहते. तिला काचबिंदू आहे. (ग्लॉकोमाला काचबिंदू म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं!) या आजारात बहुधा डोळ्यातला दाब वाढतो, डोळ्याची नस हळूहळू निकामी होते आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. म्हणून थेंब रोज टाकावेच लागतात. दिवाळीच्या सुट्टीत ते काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी आजी म्हणाली, "पोरी, निम्मं औषध तर गालावर गेलं की!"

आजीचं गणित बरोबर होतं. बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात मावतात जेमतेम ३०, आणि त्यातले ७ तर अश्रूच असतात. उरलेलं औषध पापण्यांची उघडझाप आणि अश्रू धुऊन नेतात. डोळ्याच्या आत साधारण ५ टक्क्यांहूनही कमी पोचतं.

मग औषध काकवीसारखं दाट केलं तर? इथे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स कामाला येतं. पापणी मिटताना सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने सरकते आणि औषधाचा थर १० मायक्रॉनचा आहे असं धरा. वेग भागिले जाडी केलं की शिअर रेट येतो सेकंदाला १०,०००! काकवी हळू ढवळा की जोरात, तिची व्हिस्कॉसिटी जवळजवळ तीच राहते. म्हणजे पाण्याच्या हजारपट दाट द्रव असेल तर पापणीला हजारपट जोर लागणार. डोळा चुरचुरेल, पाणी येईल आणि औषध वाहून जाईल.

आता मेसमधला टोमॅटो सॉस आठवा. बाटली उलटी केली तरी हलत नाही, जोरात हलवली की भसकन येतो. यालाच शिअर थिनिंग म्हणतात. डोळ्याचं जेल असंच हवं: डोळा उघडा असताना दाट, पापणी मिटताना पातळ, मग पुन्हा दाट. कार्बोपोल, हायलुरॉनिक ॲसिड यांची जेल अशीच वागतात.

काही औषधं त्याहून हुशार आहेत. जेलन गम बाटलीत पातळ असतो, अश्रूंतल्या क्षारांशी गाठ पडली की त्याचं जेल होतं. पोलॉक्झामर ४०७ तर तुपाच्या अगदी उलट: गारव्यात पातळ, उबेत घट्ट. काचबिंदूवरचं टिमोलॉल साध्या थेंबांत बहुधा दिवसातून दोनदा टाकतात, जेलन गमच्या जेलमध्ये एकदाच पुरतं. संध्याकाळचा थेंब विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी हा फरक छोटा नाही. मात्र जेल टाकल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, तेव्हा लगेच गाडी चालवू नये.

औषध बदलायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. पण साधे थेंबही नीट टाकता येतात. एका वेळी एकच थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा दोन-तीन मिनिटं बोटाने हलका दाबून धरा. त्यामुळे औषध नाकात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, आणि जेल सगळ्यात शेवटी.

हे मी आजीला शिकवलं. आता ती स्वतःच कोपरा दाबून बसते आणि मला दटावते, "बोलू नको, मोजतेय!"

नॉन-न्यूटोनियन फ्लुइड्सचा टॉपिक मी ऑप्शनला टाकला होता. तुम्ही टाकू नका!