मूल नर्सरीत रमले: मुदिता की मान?



ब्रह्मविहारांच्या अभ्यासात मैत्री आणि करुणा आपण पाहिली. आता मुदिता. ग्रंथाकडे वळण्याआधी आपल्या हातातल्या फोनकडे पाहू या. आपल्या मंडळात सध्या तीन-चार वर्षांची मुले बरीच आहेत. दुपारी नर्सरीच्या अ‍ॅपवर फोटो येतो. खाली की पर्सनने दोन ओळी लिहिलेल्या असतात: आज हिने नव्या मुलाला स्वतःहून शेजारी बसवून घेतले. मीटिंग चालू असली तरी आपण तो फोटो दोनदा उघडतो, आणि पाच मिनिटांत तो नागपूरला आजी-आजोबांकडे पोहोचलेला असतो.

छातीत जे दाटून येते त्याला धम्माच्या भाषेत काय म्हणायचे? कुणी म्हणतात, ही आसक्ती आहे, सोडायला हवी. कुणी म्हणतात, आमच्या पूर्वजांना वर्गाबाहेर बसवले, आता आम्ही अभिमान बाळगला तर बिघडले कुठे? मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले उत्तर बहुधा ज्यांची मुले मोठी झाली आहेत तेच देतात, हेही नमूद करायला हरकत नाही.

दुसऱ्या उत्तरामागे मात्र इतिहास उभा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव रामजी यांचे नाव दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि संध्याकाळी परत आणावे लागे. शिपाई नसेल तर पाणी नाही. हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातले. त्यामुळे आपली मुलगी गोऱ्या, काळ्या, सोमाली, पोलिश मुलांबरोबर एकाच गालिच्यावर बसते आणि एकाच जगातले पाणी पिते, हे पाहून डोळे भरून आले तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

पण याच घरातला दुसरा प्रसंग आपण कमी सांगतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या, पण पहिल्या आवृत्तीत न छापलेल्या प्रस्तावनेत तो आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले, तेव्हा समाजातल्या मंडळींना सभा घेऊन त्यांचा सत्कार करायचा होता. इतर समाजांच्या मानाने हे यश फार मोठे नव्हते, असे बाबासाहेब स्वतःच म्हणतात. पण समाजातला इथवर पोहोचलेला हा पहिला मुलगा होता. मंडळी परवानगी मागायला सुभेदार रामजींकडे गेली. त्यांनी साफ नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, शेवटी त्याने केवळ एक परीक्षा तर पास केली आहे, असे त्यांचे म्हणणे. मंडळी हिरमुसली आणि केळुसकर गुरुजींकडे गेली. गुरुजींनी मध्यस्थी केली, थोडा वाद झाला, रामजी नमले आणि सभा झाली. त्या सभेत गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ते वाचून आपण फार प्रभावित झालो, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. (चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा मानतात. आपल्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही.)

या प्रसंगात बरोबर कोण होते? रामजींना मुलाचे कौतुक नव्हते, असे कुणी म्हणू शकणार नाही. ज्या बापाने मुलाला अभ्यासासाठी पहाटे दोनला उठवले आणि पुस्तकांसाठी लेकींच्या दागिन्यांवर कर्ज काढले, त्याचे प्रेम वेगळे सिद्ध करायला नको. पण आपल्या आनंदाचे ओझे मुलाच्या डोक्यावर ठेवायला ते तयार नव्हते. आणि समाजातली ती मंडळी? मुलगा त्यांचा नव्हता. त्यांच्यापैकी कित्येकांच्या मुलांना शाळा दिसलीही नसेल. तरी त्यांना तो आनंद साजरा करायचा होता. मला विचाराल तर मुदितेचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आपल्या इतिहासात शोधावे लागेल. बापाचा संयम आणि समाजाची मुदिता यांच्यात वाद झाला, आणि त्यातून बुद्धाचे चरित्र त्या मुलाच्या हाती आले.

आता ग्रंथाकडे. ‘विसुद्धिमग्ग’ प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगतो, एक दूरचा आणि एक जवळचा. मुदितेचा दूरचा शत्रू अरति, म्हणजे दुसऱ्याच्या भल्याने मन न रमणे, कुरकुरणे. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू फसवा असतो, कारण तो मुदितेसारखाच दिसतो: गेहसित सोमनस्स, आपल्याला हवे ते मिळाल्याचे घरगुती, संसारी सुख. आमच्या कामात जी चूक प्रोग्रॅम बंद पाडते ती सोपी. जी चुकीचे उत्तर बरोबर उत्तराच्या तोऱ्यात देते, ती शोधायला रात्र जाते.

या सुखात हळूच मान शिरतो. मान म्हणजे केवळ ‘मी श्रेष्ठ’ एवढेच नाही. ‘मी बरोबरीचा’ आणि ‘मी हीन’ हीदेखील मानाचीच रूपे होत. तिन्हींत मोजपट्टी एकच असते, आणि दहा संयोजनांपैकी हे संयोजन अर्हतपदापर्यंत सुटत नाही. तेव्हा आपल्यात ते आहे का, हा प्रश्नच नाही. नर्सरीच्या गेटवर ते कोणत्या रूपात उभे असते, एवढेच पाहायचे. ‘तुमचा अजून डायपरमध्ये आहे?’ हे एक रूप. ‘आमच्याला अजून रंगही ओळखता येत नाहीत’ म्हणून रात्रभर जागणे हे दुसरे.

परीक्षा सोपी आहे. फोटोतल्या त्या नव्या मुलाची आठवण ठेवा, ज्याला आपल्या मुलीने शेजारी बसवून घेतले. तो आता रडत नाही, हे कळल्यावर तितकेच बरे वाटते का? तितके नसेल, पण थोडे तरी वाटत असेल, तर तिथे मुदितेचे बी आहे. काहीच वाटत नसेल, तर आपण मुलीकडे नव्हे, आरशात पाहत होतो.

हे मी एवढे ताणून का लिहितो आहे, त्याला कारण आहे. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमात लहान मुलांना मंचावर उभे करून त्रिशरण-पंचशील म्हणायला लावतात. टाळ्या पडतात, व्हिडिओ निघतात. चांगलेच आहे. पण ज्याचे मूल चार वर्षांचे होऊनही बोलत नाही, तो बाप मागच्या रांगेत बसतो, पुढच्या वर्षी उशिरा येतो आणि त्यानंतर येत नाही. त्याला कुणी काही बोललेले नसते. सगळ्यांनी फक्त विचारलेले असते, ‘बाळ काय काय म्हणतं आता?’ सातासमुद्रापार जो एक विहार आपला आहे, तिथून एखादे कुटुंब आपल्या कौतुकामुळे दूर जात असेल, तर ते कौतुक तपासायलाच हवे.

विसुद्धिमग्गात एका आईचा दृष्टान्त आहे. तिला चार मुलगे: एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यातला, एक आपल्या कामात गुंतलेला. तान्ह्याने वाढावे, आजाऱ्याने बरे व्हावे, तरुणाचे सुख टिकावे, आणि जो आपले काम नीट करतो आहे त्याची नसती काळजी करू नये. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. मन एकाच आईचे आहे. तसे मंडळाचेही असू शकते.

इंग्लंडमधल्या नर्सरीच्या अभ्यासक्रमात सात क्षेत्रे आहेत. त्यांपैकी पायाभूत तीन: संवाद आणि भाषा, शारीरिक विकास, आणि स्वतःला व इतरांना समजून घेणे. अक्षरे आणि आकडे उरलेल्या चारांत येतात. रिसेप्शन वर्गाच्या शेवटी होणाऱ्या मूल्यमापनातून ‘अपेक्षेपेक्षा पुढे’ हा शेराच २०२१ पासून काढून टाकला आहे. आपण पालक मात्र तो घरी चालू ठेवतो, शंभरपर्यंत आकडे म्हणवून घेत.

राहुलाची आठवण इथे होते. अम्बलट्ठिकेला तथागतांनी त्याला पाण्याच्या भांड्यातल्या उरलेल्या थेंबांवरून खोटे बोलण्याविषयी समजावले, आरशाच्या उपमेने स्वतःचे कर्म तपासायला शिकवले. अट्ठकथा त्याचे वय तेव्हा सात सांगते. पुढे भिक्खूंमधील अग्रगण्यांची नावे सांगताना राहुलाचा गौरव झाला तो शिकण्याची इच्छा असणाऱ्यांमध्ये अग्र म्हणून. किती शिकला, हे त्यात मोजलेले नाही.

मुदिताभावनेची सुरुवात सदा आनंदी असणाऱ्या जिवलग मित्रापासून करावी, मग मध्यस्थ व्यक्ती, मग वैरी, असा क्रम सांगितला आहे. येत्या रविवारच्या बालवर्गानंतर आपण तो थोडा बदलून करून पाहू. प्रत्येक पालकाने एका मुलाचे या महिन्यातले एक चांगले काम सांगायचे. नियम एकच: मूल स्वतःचे नसावे. जी मुले बोलत नाहीत त्यांच्याविषयीही सांगायचे आहे, आणि त्यासाठी आधी त्यांच्याजवळ जमिनीवर बसून खेळावे लागेल. म्हणून सर्वांनी अर्धा तास लवकर यावे.