गर्भांतील बालकाची वाढ आणि परळचा एक शोध

गेल्या सत्रांत शरीरशास्त्राचा तास घेत असतां आम्हीं वर्गास एक साधा प्रश्न केला : "तुमच्या घरीं सर्वांच्या मागून कोण जेवतें?" बहुतेक सर्व मुलें एकदम म्हणालीं, "आई." या प्रश्नाचा आणि त्या दिवसाच्या पाठाचा संबंध काय, असें एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें विचारलें. पाठ होता गर्भांतील बालकाच्या वाढीचा. संबंध फार जवळचा आहे. आणि तो ज्या शोधामुळें उघड झाला, त्याचा पहिला अंक आपल्याच परळांत घडला. ती हकीगत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम वाढीचा क्रम पाहूं. आई मुलास नऊ महिने नऊ दिवस पोटांत वागविते, असें आपल्याकडे म्हणतात. महिना तीस दिवसांचा धरिला तर हे २७९ दिवस होतात. डॉक्टर शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. म्हणजे आपल्या आज्यांचा हिशोब शास्त्राच्या हिशोबाहून एकाच दिवसानें उणा! गर्भधारणा मात्र त्या दिवसानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं होते; म्हणून प्रत्यक्ष वाढीस सुमारें ३८ आठवडे मिळतात. पुढें दिलेले दिवस व आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले आहेत.

आरंभ एका पेशीपासून होतो. तिचा व्यास मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या भागाएवढा असतो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा पेशी वाढत जाऊन झालेला लहानसा गोळा गर्भनलिकेंतून गर्भाशयांत उतरतो, आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून तेथील अस्तरांत रुजूं लागतो. तिसऱ्या आठवड्यांत गर्भाच्या पाठीकडील बाजूस एक पन्हळ पडते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जाऊन एकमेकींस मिळतात, आणि पानाची सुरळी करावी तशी एक नळी बनते. या नळीच्या वरच्या टोकाचा पुढें मेंदू होतो व उरलेल्या भागाचा पृष्ठरज्जु. सुमारें २८ व्या दिवशीं ही नळी दोन्ही टोकांस मिटून पूर्ण होते. हा २८ वा दिवस वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याकडे आम्हांस पुन्हा वळावयाचें आहे. त्याच सुमारास, म्हणजे २२ व्या दिवसाच्या मागेंपुढें, हृदयाचें स्पंदन सुरू होतें.

आठव्या आठवड्याच्या अखेरीस गर्भ जेमतेम ३ सेंटिमीटर लांब असतो. तरी हात, पाय, बोटें, डोळे, कान, एवढेंच नव्हे तर बहुतेक सर्व मुख्य अवयवांची मांडणी झालेली असते. पुढील काळ मुख्यतः त्यांच्या वाढीचा व परिपक्वतेचा होय. चौथ्या-पांचव्या महिन्यांत आईस बाळाची हालचाल जाणवते. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळास आवाज ऐकूं येऊं लागतात. अभिमन्यूनें चक्रव्यूहाची विद्या आईच्या पोटांत ऐकली ही कथा तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. विद्या समजणें हा कथेचा भाग. परंतु आईचा आवाज ओळखीचा होतो हें मात्र खरें. फुप्फुसें पुरतीं तयार होण्यास अखेरचे आठवडे लागतात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळास श्वास घेणें जड जातें.

आतां हें सर्व पोषण येतें कोठून? गर्भाशयांत वार नांवाचा एक अवयव तयार होतो, व नाळेनें बाळ त्यास जोडलेलें असतें. आईचें रक्त व बाळाचें रक्त यांचा प्रवाह निराळा राहतो. मध्यें एक पातळ पडदा असतो. त्यांतून प्राणवायु व अन्नसत्त्वें बाळाकडे जातात आणि त्याच्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यें आईकडे येतात. या कामासाठीं आईच्या शरीरांतील रक्तहि जवळजवळ निमपटीनें वाढावें लागतें. नवें रक्त घडविण्यास द्रव्य पाहिजे, आणि तें अन्नांतूनच यावयाचें. तें न आल्यास काय होतें, हें सुमारें शंभर वर्षांपूर्वीं गिरणगांवांत दिसून आलें.

परळ येथें हाफकिन संस्था आहे. तिची वास्तु म्हणजे गव्हर्नरसाहेबांचा जुना बंगला. १८९९ सालीं तेथें प्लेगाची प्रयोगशाळा आली, व १९२५ सालीं तिला हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. तेथें १९२८ सालीं डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी आल्या. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कित्येक स्त्रिया गरोदरपणीं पांढऱ्याफटक पडत, त्यांस धाप लागे, आणि पुष्कळ जणी दगावत. तपासणींत त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या परंतु आकारानें अवाजवी मोठ्या आढळत. हा कोणा जंतूचा प्रताप असावा, अशी एक शंका होती. डॉ. विल्स यांनीं जंतु शोधिलेच, परंतु त्याबरोबर या बायांच्या ताटांत काय पडतें हेंहि पाहिलें. त्या आहारासारखा निकृष्ट आहार माकडांस दिला तेव्हां त्यांसहि तोच रक्तक्षय जडला. आणि यीस्टचा अर्क, जो मार्माइट या नांवानें स्वस्तांत विकला जात असे, तो दिल्यावर माकडें व स्त्रिया दोन्ही सुधारूं लागलीं. १९३१ सालीं हा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला.

त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें ठरावयास आणखी दहा वर्षें गेलीं. १९४१ सालीं अमेरिकेंत सुमारें ४ टन पालकाच्या पानांतून तें अत्यल्प प्रमाणांत काढण्यांत आलें. लॅटिन भाषेंत पानास 'फोलियम' म्हणतात. त्यावरून त्यास फोलिक अॅसिड हें नांव मिळालें. नव्या पेशी घडवितांना हें द्रव्य अवश्य लागतें; आणि ज्या ठिकाणीं पेशी अतिशय वेगानें वाढत असतात, तेथें त्याची उणीव प्रथम भासते. आईचें वाढतें रक्त हें एक तसें ठिकाण. गर्भाच्या पाठीवरील ती नळी हें दुसरें. १९९१ सालीं ब्रिटनच्या वैद्यक संशोधन मंडळानें अनेक देशांत केलेल्या प्रयोगाचा निकाल जाहीर झाला. ज्या मातांस पूर्वीं अशी नळी न मिटलेलें मूल झालें होतें, त्यांस गर्भधारणेच्या आधींपासून फोलिक अॅसिड दिलें असतां हें व्यंग शंभरांतील सुमारें ७२ प्रसंगीं टळलें.

आतां त्या २८ व्या दिवसाचा विचार करा. या दिवशीं पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. दिवस गेले आहेत हें पुष्कळ स्त्रियांस त्या वेळीं ठाऊकहि नसतें. डोहाळे पुरविणें, ओटी भरणें, दूधतूप देणें, हे सर्व लाड पुढचे. पृष्ठरज्जूची नळी तोंवर मिटून गेलेली असते, किंवा उघडी राहिलेली असते. म्हणून गर्भधारणेच्या आधींपासून पहिले १२ आठवडे रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड घ्यावें असें आज डॉक्टर सांगतात. सरकारी आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांस या गोळ्या व लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. पालक, मेथी, मूग, हरभरा, शेंगदाणे यांतहि हें द्रव्य असतें. परंतु भाजी फार वेळ शिजवून वरचें पाणी ओतून दिल्यास त्याचा बराच अंश त्या पाण्याबरोबर जातो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. व्यंग असलेलें मूल जन्मल्यास त्याचा बोल आईस लावूं नये. अशा व्यंगांचीं कारणें अनेक असतात, व कित्येकदां तीं कोणाच्याच हातचीं नसतात. जें हातीं आहे तें सर्व घरानें मिळून करावें. मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं प्रसूतिसाह्याचा कायदा झाला, व गिरणीकामगार स्त्रीस बाळंतपणासाठीं भरपगारी नसली तरी भत्त्यासह रजा मिळूं लागली. आदल्या वर्षीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं कायदेमंडळांत या विधेयकास पाठिंबा देऊन बोलतांना मातेस या काळांत विश्रांति मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे असें प्रतिपादिलें होतें. कायद्यानें रजा मिळते. ताटांत काय वाढावयाचें हें मात्र घरांतच ठरतें.

त्या गिरण्या बहुतेक बंद पडल्या. लालबाग-परळांत आतां त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. परंतु आमच्या प्रश्नास मुलांनीं दिलेलें उत्तर जुनेंच राहिलें आहे. जी सर्वांच्या मागून जेवते तिच्या वांट्यास भाजीचा तळ व वरणाचें पाणी येतें. आणि तीच दोन जिवांची असली, तर उपाशी दोघें राहतात. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कांहीं पुढें डॉक्टर व्हाल, बहुतेक सर्व संसारी व्हाल. तेवढी वाट पाहण्याचें कारण नाहीं. आज रात्रीं पानें मांडाल तेव्हां आईचें, वहिनीचें, थोरल्या बहिणीचें पान आपल्या पंक्तीस मांडा, आणि पालेभाजी प्रथम तिच्या ताटांत वाढा. या पाठाची परीक्षा आम्ही शाळेंत घेणार नाहीं; ती तुमच्या घरीं रोज व्हावयाची आहे.