चिमटीत न येणारी चरबी

माझ्या आईचे हात आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते. दंड पिळदार, कोपरापासून मनगटापर्यंत हिरव्या शिरा उठलेल्या. "कष्टाचे हात आहेत आक्कांचे," असं शेजारणी म्हणायच्या. आईला 38व्या वर्षी मधुमेह झाला तेव्हा कऱ्हाडात सगळ्यांना नवल वाटलं, एवढ्या काटक बाईला साखर कशी लागली? 2001 साली, 52व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानं ती गेली. तिचे हात कष्टानं तसे झालेले नव्हते, हे मला त्यानंतर 14 वर्षांनी केंब्रिजच्या एका रुग्णालयात कळलं.

तेच हात मला मिळाले, आणि तशाच पोटऱ्या. शाळेत खो-खोच्या संघात बाईंनी मला पाय बघूनच घेतलं होतं. वयात येताना मैत्रिणींच्या मांड्या भरत गेल्या, माझ्या सुकत गेल्या; चेहरा मात्र गोल होत गेला आणि हनुवटीखाली वळी आली. मानेवर काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा उमटला. आई डाळीचं पीठ आणि लिंबू लावून तो घासायची. तो मळ नव्हताच, निघणार कसा? पाळी अनियमित, हनुवटीवर केस. पुण्यात शिकत असताना डॉक्टरांनी 'पीसीओएस' म्हटलं, आणि त्या एका शब्दाखाली बाकीचं सगळं झाकलं गेलं. शिवाय भूक. जेवून उठल्यावर तासाभरात पोटात पुन्हा खड्डा पडायचा. त्या भुकेपायी मी घरात बोलणी खाल्ली, सासरी लपवून खाल्लं, आणि वर्षानुवर्षं स्वतःला हावरट समजत राहिले.

लग्नानंतर 2005 साली आम्ही पिनरला आलो. लंडनच्या वायव्येला, हॅरोमधला हा भाग. आपल्याकडची माणसं इथे इतकी आहेत की डॉक्टरांना भारतीय मधुमेही नवीन नाही. माझ्या बाबतीत घात झाला तो इथेच. 2009 मध्ये गरोदरपणात साखर वाढली आणि बाळंतपणानंतरही उतरली नाही, तेव्हा मला सांगण्यात आलं की दक्षिण आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह होतो. ते खोटं नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर ते जगाला पटवून दिलंय. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचंच छायाचित्र मापांसह छापलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून किती वेगळी असतात, हे त्या एका छायाचित्रानं दाखवलं. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे आपण पुष्कळजण असतो. पण माझं तसं नव्हतं. माझा दुर्मिळ आजार या नेहमीच्या आजाराच्या आड सहा वर्षं लपून राहिला.

इन्सुलिन वाढत गेलं. 2013 पर्यंत दिवसाला 220 युनिट घेत होते आणि साखर तरीही हलत नव्हती. "इंजेक्शनं नक्की घेता ना?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की मी रिकाम्या काडतुसांचा डबा दाखवायला बरोबर नेऊ लागले. त्याच वर्षी पाळी नियमित व्हावी म्हणून इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू झाली. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, आधी कुणी पाहिले नाहीत, आणि पाहायला हवेत हे मला ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात दिवाळी आली. चकल्या, चिवडा, ओल्या नारळाच्या करंज्या. पाडव्याच्या रात्री बेंबीच्या वर कळ उठली आणि पाठीतून आरपार गेली. वाकून बसलं की जरा बरं, आडवं झालं की असह्य, उलट्या थांबेनात. रुग्णालयात रक्त काढलं तर नळीत वर दुधासारखा पांढरा थर जमला. ट्रायग्लिसराइड 38 मिलिमोल. भारतातल्या रिपोर्टच्या भाषेत सांगायचं तर 3,300 मिलिग्रॅमच्या वर. असायला हवेत 150 च्या आत. स्वादुपिंडाला तीव्र सूज आली होती. नऊ दिवस मी तिथे होते. त्यातले पहिले तीन दिवस वेगवेगळे डॉक्टर येऊन मी दारू किती पिते ते विचारत होते. मी दारूला कधी शिवलेले नाही. चौथ्या दिवशी मी उत्तर देणं सोडून दिलं.

निदानाची वाट दाखवली ती मधुमेहाच्या एका नर्सनं. पुढच्या वर्षी ती मला इंजेक्शन देण्याची जागा बदलायला शिकवत होती. मांडीवरची कातडी चिमटीत धरायला गेली, तर हाती फक्त कातडी आली. दुसरी मांडी पाहिली, दंड पाहिला. मग खुर्चीत मागे टेकून तिनं विचारलं, "तुमच्या घरात आणखी कुणाचे हातपाय असे आहेत का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी आईबद्दल सांगू लागले आणि मला रडू आलं.

केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालयात तीव्र इन्सुलिन-रोधाच्या, म्हणजे इन्सुलिन लागू न पडणाऱ्या, रुग्णांसाठी एनएचएस या सरकारी आरोग्ययंत्रणेची राष्ट्रीय सेवा आहे, 2011 पासून. पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइननं किंग्ज क्रॉस, तिथून केंब्रिजची गाडी. 2015 मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला जुने फोटो आणायला सांगितलं होतं. मी दोन फोटो नेले. एक पिनरच्या जत्रेतला. 1336 मध्ये राजानं दिलेल्या सनदेची ही जत्रा अजूनही मे अखेरच्या बँक हॉलिडेनंतरच्या बुधवारी गावच्या रस्त्यांवर भरते. त्या फोटोत मी गुडघ्यापर्यंतच्या झग्यात उभी आहे आणि पोटऱ्यांवरच्या शिरा स्पष्ट दिसतात. दुसरा आईचा, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाच्या घाटावरचा, पदर खोचलेला. डॉक्टरबाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. रक्ताच्या तपासणीनं पुढे शिक्कामोर्तब केलं, पण मला उत्तर त्या टेबलावरच मिळालं होतं.

आजाराचं नाव फॅमिलियल पार्शल लिपोडिस्ट्रॉफी, डनिगन प्रकार. ग्लासगोच्या डॉ. मॅथ्यू डनिगन यांनी 1974 मध्ये स्कॉटलंडमधल्या कुटुंबांत तो नोंदवला. 2000 साली त्याचं मूळ सापडलं: एलएमएनए या जनुकातला दोष. आई गेली त्याच्या फक्त एक वर्ष आधी.

या आजारात नेमकं काय बिघडतं ते मला डॉक्टरांनी समजावलं, पण खरं उमगलं ते आजोळच्या कणगीमुळे. सुगीचं धान्य कणगीत भरतात म्हणून घर नीट राहतं. कणगीच नसेल तर तेच धान्य पडवीत, चुलीजवळ, अंथरुणाखाली, जागा मिळेल तिथे पसरेल. आपल्या मांड्यांची, दंडांची, नितंबांची कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी आहे. ती वयात येतानाच विरून गेली की खाल्लेला स्निग्धांश यकृतात, स्नायूंत, रक्तात साठतो. मग इन्सुलिन काम करेनासं होतं, यकृत चरबीनं भरतं, ट्रायग्लिसराइड चढतात, हृदयाच्या वाहिन्या लवकर खराब होतात. भुकेचंही कारण तेच. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लेप्टिन शोधलं. पोट भरलंय, साठा आहे, असा निरोप मेंदूला देणारं हे संप्रेरक चरबीच्या पेशीच तयार करतात. ज्याच्याकडे चरबी कमी त्याचं लेप्टिन कमी. त्याचा मेंदू कायम दुष्काळात असतो. माझी भूक हा आजार होता. हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारलं त्या दिवशी माझ्या मनावरचं पंचवीस वर्षांचं ओझं उतरलं.

आता जे सांगायचं आहे ते माझ्यासारख्या दिसणाऱ्या बायकांना, आणि त्यांच्या घरच्यांना.

वजन पाहून काही कळत नाही, हातपाय पाहा. वयात आल्यापासून मांड्या-दंड सुके, शिरा उठलेल्या, व्यायाम न करता पोटऱ्या पैलवानी. वर चेहरा-मान भरलेली. मानेवर किंवा काखेत काळी मखमली कातडी. आणि सोबत मधुमेह, पाळीच्या तक्रारी, यकृतावर चरबी किंवा चढे ट्रायग्लिसराइड. एवढं एकत्र दिसलं तर डॉक्टरांसमोर 'लिपोडिस्ट्रॉफी' हा शब्द स्वतः उच्चारा. त्यांना राग येईल म्हणून गप्प राहू नका. शर्टाच्या बाह्या वर करून हात दाखवा. आपण तर डॉक्टरकडे जातानाही अंगभर कपड्यात जातो आणि रिपोर्टच पुढे करतो. मी तेच केलं. निदान झालेले रुग्ण दहा लाखांत पाचांच्याही आत, त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी आयुष्यात असा रुग्ण पाहिलेला नसेल, यात त्यांचा दोष नाही. भारतात असाल तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट गाठा. मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे, तिथेही विचारता येईल.

इस्ट्रोजेनची गोळी, मग ती पाळीसाठी असो, गर्भनिरोधनासाठी असो की पाळी जाण्याच्या वयातली, ट्रायग्लिसराइड तपासल्याशिवाय सुरू करू नका. या आजारात ती घातक ठरू शकते. आणि वरच्या पोटातली कळ पाठीत जात असेल, सोबत उलट्या असतील, तर ओवा-सोडा घेत सकाळची वाट पाहू नका. भारतात 108, इथे 999.

खाण्याबद्दल. "जरा तूप खा, अंगावर मांस येऊ दे," हा सासूबाईंचा आग्रह मायेचा होता. पण आमच्या अंगात ते तूप मांडीवर चढत नाही, यकृतात जातं. हे त्यांना समजावल्यावर त्यांनीच घरातली तेलाची बुधली लांब ठेवली. आहारतज्ज्ञानं मला दिवसभरात एकूण 30 ग्रॅम स्निग्धांश ठरवून दिला. तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम. शेंगदाण्याचं निम्मं वजन तेलाचं, म्हणजे 20 ग्रॅम कूट टाकला की दहा ग्रॅम संपले. सुकं खोबरं त्याहून जड. साखर आणि साबुदाण्यासारखा निव्वळ पिष्टाचा पदार्थही ट्रायग्लिसराइड वाढवतो, त्यामुळे तूप, कूट, साबुदाणा एकत्र आणणारी उपवासाची खिचडी मी कायमची सोडली. राहिलं ते थोडं नाही: ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, घोटलेली पालेभाजी, साय काढलेल्या दुधाचं ताक, वाफवलेली सुरळीची वडी. फोडणी अर्ध्या चमच्यात होते, मोहरी तडतडेपर्यंत धीर धरायचा.

औषधही आहे. मेट्रेलेप्टिन, म्हणजे बनवलेलं लेप्टिन, रोजच्या इंजेक्शनातून देतात. इंग्लंडच्या नाइस संस्थेनं 2021 च्या फेब्रुवारीत त्याला मान्यता दिली. आमच्यासारख्या 'पार्शल', म्हणजे आंशिक, प्रकारात मात्र नेहमीच्या उपचारांनी साखर किंवा ट्रायग्लिसराइड आटोक्यात येत नसतील तरच ते मिळतं. मला मिळालं. पहिल्या महिन्यातच एका दुपारी लक्षात आलं, की जेवून तीन तास झालेत आणि मी खाण्याचा विचार केलेला नाही. इन्सुलिन आता 60 युनिटांवर आहे. हातपाय तसेच आहेत, ती चरबी परत येत नाही.

गेल्या काही वर्षांपासून मी पिनरच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मापाचे चमचे देते, आणि सोबत एक कागद: वर लिहिलेल्या खुणा आणि आईचा तो घाटावरचा फोटो. पहिल्या वर्षी लाज वाटली. आपल्याकडे चरबीच्या आजारावर बोलायचं म्हणजे शरीर उघडं करून दाखवणं. पण त्या दिवशी एका मैत्रिणीनं स्वयंपाकघरात मला गाठलं आणि बाही वर केली. तिच्या तपासण्या सुरू आहेत. तेव्हापासून मला लाज वाटत नाही.

हा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतो, आणि प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. माझ्या लेकीनं सोळाव्या वर्षी स्वतः ठरवून तपासणी करून घेतली. तिच्यात तो नाही. धाकट्या भावानं अजून केलेली नाही. पुरुषांत हा आजार सहज निसटतो, कारण पिळदार पाय पुरुषाला शोभतात. त्याला तर तालमीत न जाता पैलवान म्हणतात आणि तो खूश होतो. गेल्या वर्षीच्या त्याच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड 640 होते. त्यानं ती ओळ वाचलीच नव्हती, कारण साखर ठीक होती.

तर भाऊ, तू हे वाचशील म्हणून इथे लिहिते आहे, आणि ज्यांच्या घरी असे हात आहेत त्या सगळ्यांसाठी: आज कपाटातला शेवटचा रिपोर्ट काढा आणि ट्रायग्लिसराइडची ओळ शोधा. उपाशीपोटी आकडा भारतातल्या मापात 500 च्या वर असेल, किंवा इथल्या मापात साडेपाचच्या वर, तर या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. जाताना आईचा जुना फोटो बरोबर न्या.