सभेत उभं राहताना

धीट झाल्यावर बोलू, असं म्हणत आमच्याकडच्या कितीतरी बाया जन्मभर गप्प राहिल्या. मी लोहारा भागातल्या एका गावात सून म्हणून आले, तेव्हा पारावर माणसं बसलेली असली की चप्पल हातात घ्यायची, पदर कपाळापर्यंत ओढायचा आणि भिंतीच्या कडेनं निघून जायचं, अशी रीत होती. आज बचत गटांच्या बायांना ग्रामसभेत बोलायला तयार करते, शाळेतल्या पोरींची भाषणं बसवून देते, आणि तालुक्याच्या बैठकीत कुणी विचारलं तर उठून उत्तर देते. एवढ्या वर्षांत जे हाती लागलं ते इथं मांडते. मुद्द्यांचा क्रम इकडचा तिकडं झाला तरी चालेल, पहिला मात्र पहिलाच राहू द्यावा.

१. बोलायला कारण लागतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव नुकतं झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. ज्या गावाच्या नावानं हा भूकंप ओळखला जातो ती किल्लारी लातूर जिल्ह्यातली; आमच्या बाजूला सास्तूर आणि आसपासची गावं गेली. आमचं गाव मोडलं नाही, पण भिंती पोटातून फुगल्या, कोपरे उकलले. ज्या गावांचं पुनर्वसन दुसऱ्या जागी व्हायचं नव्हतं, तिथं घरं आहेत तिथंच दुरुस्त करून मजबूत करायची, असा सरकारी कार्यक्रम निघाला. जागतिक बँकेचं कर्ज त्याला होतं. पण गावातल्या माणसाला अभियंत्याची भाषा कळेना आणि अभियंत्याला घरातल्या बाईची अडचण दिसेना. मग प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहायक’ नेमलं. त्यांतली मी एक.

काम काय? घरोघरी जायचं, कोणतं घर कितपत खचलं ते बघायचं, हप्ता कुठं अडला ते विचारायचं, आणि ते सगळं ग्रामसभेत सांगायचं. भाषणकला मला कुणी शिकवली नाही. शेजारच्या म्हातारीच्या घराचा कोपरा पावसाळ्याआधी बांधून झाला नाही तर तो तिच्या अंगावर येणार, हे मला दिसत होतं. ते सांगितल्याशिवाय घरी जाता येणार नव्हतं. म्हणून मी बोलले. पोरींना भाषण बसवून देताना मी आजही आधी हेच विचारते: ‘हे तू बोलली नाहीस तर कुणाचं काय अडेल?’ उत्तर नसेल तर विषय बदलायचा. कारण पक्कं असलं की आवाज त्याच्यामागून येतो.

२. वस्तू हातात घ्या.

हा मुद्दा मला सगळ्यांत कामाला आला, म्हणून जरा विस्तारानं सांगते.

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरवर्षी वर आणखी माती टाकायची. घर उन्हाळ्यात गार राहतं, पण डोक्यावर किती ओझं चढलं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. भिंत बाहेरून एकसंध दिसते, आत मात्र दगडाचे दोन वेगळे थर असतात आणि मधे माती-कपच्यांची भर. जमीन हलली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात. उपाय असा की ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. शिवाय माळवदावरची माती कमी करायची.

हे तोंडानं सांगितलं तर लोक जांभया देत. ‘चांगल्या भिंतीला भोकं कशाला पाडायलाव?’ असा सवाल यायचा, आणि तो रास्तच होता. म्हणून एकदा मारुतीच्या देवळापुढं सभेत मी शहाबादी फरशीचे दोन तुकडे नेले. फळीवर समोरासमोर उभे केले, मधे ओंजळभर माती दाबून भरली. म्हटलं, ही आपली भिंत. फळीला खालून गुडघ्यानं धक्का दिला. एक तुकडा इकडं, एक तिकडं, माती मधे ढीग होऊन पडली. पुन्हा तसंच रचलं, या वेळी दोन्ही तुकड्यांना सुतळीचे दोन वेढे देऊन गाठ मारली. पुन्हा धक्का दिला. तुकडे हलले, थोडी माती सांडली, पण उभे राहिले. मागं बसलेले एक आजोबा उठून पुढं आले, सुतळीला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, ‘माझ्या घराला कवा करायलीस हे?’

हात कामात गुंतले की ते थरथरत नाहीत, हा आणखी एक फायदा. लोकांची नजर तुमच्या चेहऱ्यावरून वस्तूवर जाते आणि तुम्हाला श्वास घ्यायला जागा मिळते. पाण्याचा प्रश्न असेल तर गढूळ पाण्याची बाटली न्या. रेशनचा असेल तर कार्ड न्या. काहीच नसेल तर चार ओळींचा कागद तरी हातात असू द्या.

३. पहिलं वाक्य घरून नेलेलं असावं.

पाठ करायचं ते एवढंच. सगळं भाषण पाठ केलं की एक शब्द निसटला आणि सगळी माळ ओघळली, असं होतं. पहिलं वाक्य तोंडात बसलेलं, मधले मुद्दे कागदावर, आणि शेवटी काय मागायचं ते ठरलेलं. ‘व्यासपीठावर विराजमान’ पासून सुरू होणारी नावांची यादी टाळा. त्या यादीत ऐकणाऱ्याचं लक्ष जातं आणि बोलणाऱ्याचा दम जातो. ‘सरपंच दादा आणि मंडळी, राम राम’ म्हटलं की मान राखला गेला. लगेच विषयाला हात घालावा.

४. आपल्या बोलीत बोला.

बाया घरात, रानात, नळावर इतकं नेमकं आणि धारदार बोलतात, आणि सभेत उभ्या राहिल्या की पुस्तकातली वाक्यं शोधायला लागतात. ती सापडत नाहीत, मग घसा कोरडा पडतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की मराठवाड्याची बोली व्यासपीठावर न्यावी. ‘पाणी आलं न्हाई’ हे ‘पाणीपुरवठा खंडित झालेला आहे’ यापेक्षा जास्त खरं वाटतं, कारण ते बोलताना तुम्ही शब्द शोधत नसता, पाणी आठवत असता. कागदावर लिहून द्यायच्या अर्जाची भाषा वेगळी असू दे. तोंडाची भाषा तोंडाचीच हवी.

शाळेच्या स्पर्धांत परीक्षक पोरींचे गुण यासाठी कापतात, याचं मला फार वाईट वाटतं. शुद्ध बोलायला शिकवावं, जरूर शिकवावं. पण आधी मोकळं बोलू द्यावं.

५. थांबणं कीर्तनकारांकडून शिकावं.

आमच्या जिल्ह्यात बोलण्याची शाळा जागोजागी आहे. तुळजापूरला गोंधळी संबळाच्या तालावर कथा सांगतात. मुख्य गोंधळी बोलतो, जोडीदार मधेच प्रश्न विचारतो, हुंकार भरतो, आणि कथा पुढं सरकते. तेरला चैत्र वद्यात गोरोबाकाकांची यात्रा भरते, तिथं कीर्तनं ऐकावीत. चांगला कीर्तनकार अभंगाचं चरण म्हणतो, एक ओळ उलगडतो आणि गप्प होतो. टाळकरी चरण उचलतात. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याच्या मनात ओळ मुरते आणि कीर्तनकाराला पुढचं सुचतं. नवखा माणूस या शांततेला घाबरतो, ती भरून काढायला ‘म्हणजे’, ‘तर मग’, ‘असं की’ म्हणत राहतो. तुमच्या पाठीशी टाळकरी नसतात, तरी महत्त्वाचं वाक्य झाल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. सभेला ते लांबलेलं वाटत नाही, फक्त तुम्हाला वाटतं.

एकदा तरी कीर्तनाला शब्दांसाठी न जाता थांबे मोजायला जा.

६. एका माणसाकडं बघून बोला, आणि जागा बदला.

सगळ्या गावाशी कुणाला बोलता येत नाही. मान डोलावणारी एखादी काकू, मन लावून ऐकणारा एखादा तरुण शोधायचा आणि त्याला सांगायचं. मग दुसऱ्या कोपऱ्यातला. बाया नेहमी मागं, दाराशी, चपलांजवळ बसतात. तिथून बोललेलं अर्ध्या सभेला ऐकू येत नाही, मग ‘मोठ्यानं बोल की’ असं कुणी ओरडतं आणि उरलासुरला धीर जातो. आधीच पुढं जाऊन ग्रामसेवकाच्या टेबलाजवळ बसा. माइक असेल तर तोंडापासून चार बोटं लांब धरा आणि फुंकर मारून तपासू नका.

७. कायदा माहीत असला की आवाज चढवावा लागत नाही.

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. आता तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, आणि तिथं ठरलेलं ग्रामसभेपुढं ठेवायचं असतं. २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायांच्या आहेत. एवढं ठाऊक असलेली बाई सभेत वेगळ्या बळानं उभी राहते.

मला एकदा भर सभेत ऐकवलं गेलं, ‘तू बस, मालकाला पाठव.’ मी म्हटलं, ‘मालक रानात गेल्यात. भिंत मी रोज बघते. माझा प्रश्न लिहून घ्या.’ ग्रामसेवकांनी वही ओढली. वाद घालत बसले असते तर सभा वादातच संपली असती. आडव्या बोलण्याला एक ओळीचं उत्तर द्यावं, आणि दुसऱ्या ओळीत पुन्हा आपल्या विषयावर यावं. आपण बोललो ते इतिवृत्तात चढलं का, ठरावाला सूचक-अनुमोदक कोण, हे सभा उठायच्या आत बघावं. टाळ्या मिळाल्या आणि नोंद झाली नाही, तर ते बोलणं वाया गेलं असं मी धरते.

८. भीती जात नाही, आणि तिच्या जाण्याची वाट बघू नये.

१० ते १२ जानेवारी २०२० ला उस्मानाबाद शहरात ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, संत गोरोबाकाका साहित्यनगरीत. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची तब्येत साथ देत नव्हती. उद्घाटक ना. धों. महानोर यांना, जाऊ नका, असे फोन आले होते. दोघंही आले आणि बोलले. इतक्या मोठ्या माणसांनाही बोलण्याआधी काहीतरी ओलांडावंच लागतं.

आणि घरची उदाहरणं आहेतच. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी कुक्कुटपालनापासून उद्योग उभा केला. त्यांना २०१७ चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला. गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे शेती करणाऱ्या बायांची बाजू परदेशातही मांडून आल्या. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आमच्या भागातल्या बाया तिथल्या बायांना भेटायला गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेल्या घरापुढं बसलेल्या बाईला काय विचारायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

९. पहिली वेळ छोटी असू द्या.

थेट ग्रामसभेत उतरू नका. आधी गटाच्या बैठकीत जमाखर्च वाचून दाखवा, मोठ्यानं आणि उभं राहून. मग महिला सभेत एक प्रश्न विचारा. मग ग्रामसभा. पोरींना मी घरी आजी-आजोबांपुढं बोलायला लावते. आरशापुढं नाही, कारण आरसा ‘पुढं काय झालं?’ असं विचारत नाही.

आमच्या गटातली एक नवी सून पुढच्या महिला सभेत पहिल्यांदा बोलणार आहे. विषय नळाच्या पाण्याचा. तिला एवढंच सांगितलंय की भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाणी आलं त्या तारखांना रोज खूण कर, महिना संपला की पान फाडून घेऊन ये, आणि त्या तारखा एकेक करून वाचून दाखव. वाचून झालं की ग्रामसेवकांना म्हणायचं, ‘हे पान इतिवृत्ताला जोडा.’