जुनी आवृत्ती विकता येते का?

दहावीची परीक्षा संपली की आपण आपली पाठ्यपुस्तके शेजारच्या मुलाला निम्म्या किमतीत देतो. त्यात गैर काहीच नाही. आता अशी कल्पना करा, की मुलुंडमधील एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर आहे. त्याची नवी आवृत्ती निघाली आणि जुने ग्राहक म्हणून कार्यालयाला ती सवलतीत मिळाली. मग जुन्या आवृत्तीची तबकडी घाटकोपरच्या एखाद्या होतकरू आरेखकाला विकली तर?

पुस्तक दिले, की ते आपल्या हातून जाते. तबकडी दिली, तरी तिच्यातील आज्ञावली आपल्या संगणकात राहू शकते. म्हणून निर्माते बहुधा आज्ञावली विकत नाहीत. ती वापरण्याचा परवाना देतात. बोरिवली ते अंधेरी असा लोकलचा पास आठवा. पास तुमच्या खिशात असतो, पण प्रवासाचा हक्क तुमच्या नावापुरताच. तो मित्राला विकता येत नाही.

अमेरिकेत असाच एक खटला गाजला. एका वास्तुरचना संस्थेकडे ऑटोडेस्क कंपनीच्या ‘ऑटोकॅड’चे रिलीज १४ होते. ‘ऑटोकॅड २०००’चा नवा परवाना ३,७५० डॉलरचा, संस्थेला तो ४९५ डॉलरला मिळाला. अट एकच : जुन्या प्रती नष्ट कराव्यात. संस्थेने त्या टिमोथी व्हर्नॉर यांना विकल्या आणि त्यांनी त्या लिलावात मांडल्या. खालच्या न्यायालयाने व्हर्नॉर यांची बाजू मानली; पण २०१० मध्ये अपील न्यायालयाने निर्णय फिरवला. संस्था प्रतींची मालक नव्हती, केवळ परवानाधारक होती, असे त्याने ठरवले.

यातील गणित पाहा. सवलत ३,२५५ डॉलरची. ती जुना परवाना सोडण्याबद्दल मिळाली. बोहारणीला जुने कपडे देऊन पातेले घेतले, तर तेच कपडे पुन्हा दुसऱ्याला विकता येतील का?

सगळीकडे निकाल सारखा नाही. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने कायमचा विकलेला परवाना पुढे विकण्यास मुभा दिली. मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी केली पाहिजे. म्हणजे एका हक्काचे दोन हक्क तेथेही होत नाहीत.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश झाला. कायदेशीर प्रत बाळगणारा, ती हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून, राखीव प्रत काढू शकतो. ती विकण्यासाठी नव्हे! प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा स्वस्तात ‘जुने’ सॉफ्टवेअर घेणारा आपला आरेखकही अडचणीत येऊ शकतो. त्याने आधी परवान्याच्या अटी वाचाव्यात आणि हस्तांतराला निर्मात्याची लेखी संमती मागावी.

ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांना मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग आहे. १९८९ मध्ये आलेला ‘जीपीएल’ परवाना प्रती वाटण्याची, विकण्याचीही परवानगी देतो. अटी मात्र तेथेही पाळाव्या लागतात.

करून पाहा : शाळेच्या संगणकातील कोणत्याही एका सॉफ्टवेअरचा परवाना उघडा. त्यात हस्तांतर, राखीव प्रत आणि जुनी आवृत्ती यांविषयी काय म्हटले आहे, ते वहीत तीन ओळींत लिहा.