मैदान आपलेही आहे : वस्तीचे सायकल मंडळ कसे उभे करावे

६ डिसेंबर जवळ आला की शिवाजी पार्कचे मैदान आपल्या माणसांनी भरून जाते. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबे मंडपात उतरतात, पुस्तकांच्या स्टॉलवर झुंबड उडते, चैत्यभूमीची रांग पुढे सरकत राहते. चार दिवसांनी मंडप निघतात आणि आपणही निघतो. उरलेले वर्षभर तेच मैदान पहाटेपासून गजबजलेले असते. कट्ट्याभोवती चालणारे, क्रिकेटचे नेट बांधणारे, मल्लखांब करणारी मुले, हेल्मेट घालून महागड्या सायकलींवर घोळक्याने येणारे तरुण, सगळे दिसतात. नायगाव, वरळी, माहीम, धारावीच्या वस्त्या इथून सायकलीच्या अंतरावर आहेत. तरी त्या पहाटेच्या गर्दीत आपल्या वस्तीतली बाई क्वचितच दिसते.

सायकल आपल्याकडे नाही असे नाही. पाववाला, दूधवाला, डबेवाला, रात्रपाळीचा वॉचमन यांची सायकल वस्तीत रोज दिसते. पण ती कामाची सायकल. घरातला पुरुष ती कामावर नेतो आणि बाई पायी चालते. चार पैसे आले की आधी सायकल भंगारात जाते, कारण सायकल म्हणजे गरिबी असे आपल्या मनात बसले आहे. तिकडे डॉक्टर ज्यांना सायकल चालवायला सांगतात, ते लोक तीच वस्तू हौसेने विकत घेतात. आरोग्यासाठी सायकल आणि तिच्यासाठी मैदान, या दोन्हींवर आपला हक्क आहे. तो एकट्याने बजावणे अवघड जाते, म्हणून मंडळ हवे.

हक्क वापरला तरच टिकतो

शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला आजचे नाव मिळाले. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात १९२३ सालीच मंजूर करून घेतला होता. दादरमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आपण त्यावरून नेहमी जातो. ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला, पण माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हाच त्या कागदात जीव आला.

आज शिवाजी पार्कवर आपल्याला कोणी अडवत नाही. अडवते ती लाज, अंगावरचे कपडे, लोक काय म्हणतील ही धास्ती आणि सोबत नसणे. त्यावरचा उपाय मात्र तोच जुना आहे. एकीने जायचे.

शरीराला याची गरज का आहे

आम्ही रुग्णालयातल्या वॉर्डात बरीच वर्षे काढली. पंचेचाळीस वर्षांची बाई अर्धांगवायूने अचानक आडवी होते आणि नातेवाईक सांगतात, "हिला आजवर काहीच नव्हतं." प्रत्यक्षात तिचा रक्तदाब आजवर कोणी मोजलेलाच नसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे साधारण दर तीन माणसांत एकाचा रक्तदाब वाढलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची पुरेशी शारीरिक हालचाल होत नाही, आणि त्यात बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे.

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" असे महिला मंडळात हमखास विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. धुणीभांडी, पाणी भरणे, ओझी उचलणे यात शरीर हलतेच. पण वाकून, अवघडून, घाईघाईने केलेल्या कामाने पाठ आणि गुडघे दुखतात, आणि विश्रांती कधी घ्यायची हे आपल्या हातात नसते. हृदय आणि फुप्फुसे मजबूत होतात ती एका लयीत, सलग केलेल्या हालचालीने. सायकलवर शरीराचा बराच भार सीटवर राहतो, त्यामुळे धावण्यापेक्षा गुडघ्यांना त्रास कमी होतो. शिवाय तो अर्धा तास तुमचा स्वतःचा असतो. ही गोष्टही औषधासारखीच कामी येते.

किती चालवायची? प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करा, तीही मोजली जातात. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी आहे. सायकल चालवताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये.

पुदुकोट्टईच्या बाया

हे बायकांना जमेल का, अशी शंका असेल तर तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्याकडे पाहा. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिथे साक्षरतेची 'अरिवोळी' चळवळ चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीला सायकल शिकणे जोडून दिले. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगणवाडी चालवणाऱ्या बाया आणि गावोगाव फिरणाऱ्या नर्स सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी या चळवळीवर लिहिले आणि ती देशभर पोहोचली. एक लाखाहून जास्त बाया शिकल्या. १९९२ च्या महिला दिनी दीड हजारांवर बायांनी हँडलला झेंडे लावून सायकल फेरी काढली. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्या पुरुषांच्या सायकली चालवू लागल्या. पुढच्या दांडीवर पोर बसवता येते म्हणून काहींना तीच जास्त आवडली.

सुरुवातीला टोमणे तिथेही होते. पण एकटीला मारलेला टोमणा लागतो, वीस जणी निघाल्या की मारणाऱ्याचीच पंचाईत होते. बस चुकण्याची, पाण्याला लांब जाण्याची, नवऱ्याची वाट पाहण्याची अडचण कमी झाली, म्हणून त्या सायकलीवर टिकल्या. आपल्याकडेही सायकल रोजच्या अडचणीत उपयोगी पडली, तरच पहिली हौस ओसरल्यावर ती चालू राहील.

मंडळाचे नियम : सर्वात मागच्याला धरून

शाक्य कुळातील राजपुत्र तथागतांकडे प्रव्रज्या घ्यायला गेले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्यासोबत होता. राजपुत्रांनी विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा अहंकार उतरेल. संघाची शिस्त अशी उभी राहिली. सायकल मंडळही याच रीतीने चालवावे.

पहिला नियम वेगाचा. सर्वात हळू चालवणारी जो वेग ठरवील तो सगळ्यांचा वेग. सर्वात पुढे आणि सर्वात मागे एकेक अनुभवी माणूस असावा, आणि मागे राहणाऱ्याने कोणालाही एकटे सोडू नये. जोरात जायचे असेल त्या मुलांनी वेगळ्या दिवशी जावे.

दुसरा नियम मानाचा. पळवणकर बाळू हे त्यांच्या काळातले देशातले अव्वल फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांना चहा मिळे तो मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. संघाला त्यांचे बळी हवे होते, पंगतीला ते नको होते. म्हणून मंडळात 'सगळ्यांना घेतले' एवढे म्हणून भागत नाही. किल्ली कोणाकडे, रस्ता कोण ठरवते, हिशेब कोण ठेवते, हे पाहा. ही कामे दर तीन महिन्यांनी बदला आणि निम्मी तरी बायांकडे द्या. फेरी संपली की चहा सगळ्यांनी एकत्र प्यावा. हाच नियम शेजारच्या मुस्लिम भगिनीला, तृतीयपंथी व्यक्तीला, दुसऱ्या समाजातल्या गरिबाला लागू. ज्यांनी वेगळे भांडे पाहिले त्यांनी ते दुसऱ्यापुढे ठेवू नये.

तिसरा नियम शरीराचा. याच मैदानातल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन आणि दिव्यांग मुलांनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खांबावर उलटे लटकणे जमत असेल तर सायकल का नाही? तोल न राहणाऱ्यासाठी तीनचाकी, दृष्टिहीनासाठी दोघांची सायकल, आणि ज्यांना काहीच चालवता येत नाही त्यांच्याकडे हजेरी आणि रक्तदाबाच्या नोंदी.

सुरुवात कशी करावी

नवी सायकल घेऊ नका. वस्तीत जिन्याखाली किती सायकली गंजत पडल्या आहेत ते मोजा. टायर, ट्यूब आणि ब्रेक बदलून बहुतेक चालू होतात. दहा जणींना तीन सायकली पुरतात. एका मुलीला आणि एका मुलाला पंक्चर काढायला शिकवा, खर्च निम्म्यावर येतो.

मोठ्या माणसाने शिकताना पेडल काढून ठेवावे. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे लक्षात ठेवा. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील. पायांनी ढकलत, मध्येच पाय उचलत तोल धरा. तोल आला की पेडल लावा. असे शिकल्यास पडण्याची भीती राहत नाही. तोल पक्का झाल्यावर सीट वर घ्या. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ झाला, तर उंची बरोबर आहे. सीट खाली ठेवून चालवत राहिले की गुडघे दुखतात, आणि मग दोष सायकलला दिला जातो.

शिकणे वस्तीतल्या मोकळ्या जागेत किंवा शाळेच्या पटांगणात करा. मग रविवारी उजाडल्यावर, वाहने वाढण्याआधी, शिवाजी पार्कला या. कट्ट्याची फेरी किलोमीटरभराहून थोडी जास्त आहे. पण कट्टा चालणाऱ्यांचा आणि आतली माती खेळणाऱ्यांची. आपण बाहेरच्या रस्त्याने, डाव्या बाजूने, एकामागे एक जायचे. २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आहे, तेव्हा स्पीकर नको. साडी असेल तर पदर आणि निऱ्या घट्ट खोचा, ओढणी कमरेला बांधा, चेनला कव्हर लावा. हेल्मेट प्रत्येकाला हवे. आणि ६ डिसेंबरच्या दिवसांत सायकली घरी ठेवून मंडळाने पाणीवाटप आणि रक्तदाब तपासणीला उभे राहावे.

आधी तपासणी, मग सायकल

पालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सायकलवर बसू नका. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. म्हणून तेही तपासा. लवकर थकवा येतो तो आळस नसतो. पाळीच्या दिवसांत सायकल चालवायला हरकत नाही. गरोदरपणात मात्र नव्याने शिकायला जाऊ नका.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नका, खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा, तीन चमचे साखर खा आणि पंधरा मिनिटे बसा. दम्याच्या रुग्णांनी पंप जवळ ठेवावा आणि मैदानाची लाल धूळ उडत असेल त्या दिवशी दुसरा रस्ता धरावा. विदर्भातून आलेल्या काही कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारून, भरपूर पाणी पिऊन, बेतानेच चालवावी.

खरचटले तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, चहापूड, टूथपेस्ट लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारा. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी आली तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा किंवा थेट केईएम वा सायन रुग्णालय गाठा.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटे थांबा आणि तीन याद्या करा. पडून असलेल्या सायकलींची, शिकायची इच्छा असलेल्या बायांची, आणि ज्यांचा रक्तदाब आजवर मोजलाच नाही त्यांची. तिसरी यादी सर्वात लांब निघेल, आणि काम तिथूनच सुरू करायचे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.