गोठा व गोदाम परिसरातील मोकाट मांजरे : संख्या नियंत्रणाचा सहृदय मार्ग

धान्याचे गोदाम, दुग्धशाळा, शेळ्यांचा वाडा किंवा कुक्कुटपालनाची शेड, जेथे उंदीर असतात तेथे मांजर येतेच. उंदरांवर वचक राहतो म्हणून शेतकरीही त्याला हुसकावीत नाही. परंतु दोन-तीन मांजरांची संख्या वर्षा-दोन वर्षांत दहा-बारावर गेली की तक्रारी सुरू होतात : गव्हाणीत व पेंडीच्या पोत्यांवर विष्ठा आढळते, कोंबड्यांची पिल्ले नाहीशी होतात, आजारी पिल्ले आवारात मरून पडतात. अशा वेळी मांजरे पोत्यात भरून दूर नेऊन सोडणे किंवा विष घालणे हे दोन उपाय सर्रास योजिले जातात. हे दोन्ही उपाय क्रूर तर आहेतच. शिवाय ते निष्फळही ठरतात.

मोकाट मांजर म्हणजे कोणते?

परिसरातील मांजरांचे दोन गट पडतात. पहिला गट माणसाळलेल्या, परंतु सोडून दिलेल्या वा वाट चुकलेल्या मांजरांचा. ती जवळ येतात व त्यांना नवे घर मिळू शकते. दुसरा गट माणसाच्या सहवासाविना वाढलेल्या मोकाट मांजरांचा. पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ प्रामुख्याने वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा असतो. तो उलटल्यावर पूर्ण वाढलेल्या मोकाट मांजराला घरात कोंडून पाळणे त्याच्यासाठी यातनामय ठरते. म्हणून त्याचे व्यवस्थापन त्याच्या जागीच करावे लागते.

हटविल्याने संख्या का घटत नाही?

मांजरांची संख्या उपलब्ध अन्न व आसऱ्यावर ठरते. उंदीर, सांडलेले दूध, उघडे उकिरडे व निवारा कायम असताना काही मांजरे हटविल्यास मोकळ्या जागेत शेजारची मांजरे शिरतात आणि उरलेल्या माद्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतात. ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या दक्षिण भागातील जंगलांत झालेला व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथे अल्प प्रमाणात मांजरे मारण्याच्या काळात त्यांची नोंदलेली संख्या घटण्याऐवजी वाढली. बाहेरून नवी मांजरे आली, हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

मादी पाच-सहा महिन्यांच्या वयात माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि एका वेताला साधारण चार पिल्ले होतात. पिल्ले अंगावर पीत असतानाही मादी पुन्हा गाभण राहू शकते. उदाहरणादाखल, एका गोदामात सात माद्या आहेत व प्रत्येकीची वर्षाला दोन वेते झाली असे मानल्यास ५६ पिल्ले जन्मतात. त्यांतील तीन चतुर्थांश मेली तरी १४ उरतात. सातपैकी तीन माद्यांचे निर्बीजीकरण केल्यास उरलेल्या चार माद्यांची ८ पिल्ले जगतात, म्हणजे संख्या वाढतच राहते. पाच माद्यांचे निर्बीजीकरण झाल्यास मात्र केवळ ४ पिल्ले उरतात आणि नैसर्गिक मृत्यूमुळे होणारी घट ती भरून काढतात. म्हणूनच समूहातील ७० टक्क्यांहून अधिक मांजरांचे निर्बीजीकरण अल्प काळात पूर्ण करणे आवश्यक मानले जाते. अर्धवट मोहिमेत श्रम व पैसा दोन्ही वाया जातात.

शेळी-मेंढीपालकांसाठी विशेष महत्त्व

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा परजीवी शेळ्या-मेंढ्यांत गर्भपात, मृत करडे व अशक्त कोकरे यांस कारणीभूत ठरतो. संसर्ग झालेला उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ल्याने तो मांजराच्या आतड्यात वाढतो व विष्ठेतून त्याच्या लक्षावधी सूक्ष्म पुटी बाहेर पडतात. दमट मातीत त्या कित्येक महिने टिकतात आणि चारा, पेंड वा पाण्यातून गाभण शेळीच्या पोटात जातात.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. मांजर या पुटी आयुष्यभर टाकीत नाही. बहुधा पहिल्या संसर्गानंतरच, एक ते तीन आठवडे, त्या बाहेर पडतात. हा पहिला संसर्ग प्रामुख्याने शिकार शिकू लागलेल्या तरुण मांजरांत होतो. म्हणजेच गोठ्याला अधिक धोका जुन्या, प्रौढ मांजरापेक्षा दर हंगामात जन्मणाऱ्या नव्या पिल्लांपासून असतो. निर्बीजीकरण केलेली, स्थिर संख्येची प्रौढ मांजरे उंदरांवर वचक ठेवतात आणि नव्या पिल्लांची आवक थांबल्याने चाऱ्याचे प्रदूषणही घटते. मांजराविषयीची दया आणि शेळीपालकाचे हित येथे एकाच उपायाने साधते.

तथापि प्रत्येक गर्भपाताचा दोष मांजरावर ठेवू नये. ब्रुसेलोसिससारखी अन्य कारणेही असतात. वाड्यात एकापाठोपाठ गर्भपात होऊ लागल्यास पशुवैद्यकामार्फत प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

पकडणे, निर्बीजीकरण व त्याच जागी सोडणे : कार्यपद्धती

१. प्रथम सकाळ-संध्याकाळ मांजरांची मोजणी करून रंग व खुणांसह नोंद करावी. ठराविक वेळी, ठराविक जागी खाद्य देण्याची सवय लावावी.

२. पशुवैद्यकाची वेळ निश्चित झाल्यावर पकडण्याच्या आदल्या दिवसापासून खाद्य बंद ठेवावे. पाणी मात्र द्यावे. मासळीचे आमिष ठेवून पायदाब पट्टीच्या सापळा-पिंजऱ्यात मांजर पकडावे. फास, जबड्याचा सापळा किंवा चिकट पट्टी कदापि वापरू नये.

३. मांजर अडकताच पिंजऱ्यावर जाड कापड टाकावे. अंधारात ते शांत राहते. पिंजरा उन्हात ठेवू नये व मांजर हाताने बाहेर काढू नये.

४. मादीची आचळे भरलेली दिसल्यास तिची पिल्ले आसपास असतात. ती शोधावीत व मादीला अधिक काळ दूर ठेवू नये. आठ आठवड्यांपूर्वी पिल्ले आईपासून तोडू नयेत.

५. शस्त्रक्रियेच्या वेळीच रेबीज प्रतिबंधक लस व जंतनाशक द्यावे. भूल असतानाच डाव्या कानाचे टोक सुमारे एक सेंटिमीटर सरळ छाटतात. या खुणेमुळे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही.

६. कोरड्या, उबदार जागी देखरेखीखाली ठेवून नर साधारणतः दुसऱ्या दिवशी, तर मादी दोन-तीन दिवसांनी, पशुवैद्यकाच्या संमतीने पकडलेल्या जागीच सोडावी.

७. कानाची खूण नसलेले नवे मांजर दिसताच त्याचे निर्बीजीकरण करावे. दिवस मोठे होऊ लागले की माज वाढतो; त्यामुळे मोहीम हिवाळ्यातच पूर्ण करणे लाभदायक ठरते.

जोडीने घ्यावयाची काळजी

- पेंड व भरडा झाकणाच्या पिंपात ठेवावा. पाण्याच्या टाक्या झाकाव्यात. आवारातील विष्ठा हातमोजे घालून रोज उचलावी, कारण पुटी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. सामान्य जंतुनाशकांचा त्यांवर फारसा परिणाम होत नाही.
- वार, मृत गर्भ व कच्चे मांस मांजरांच्या तोंडी लागू देऊ नये. ते खोल पुरावे. गर्भवती स्त्रियांनी ही कामे करू नयेत. शेळीचे दूध उकळूनच वापरावे.
- ब्रोमॅडिओलोनसारखे उंदीरनाशक खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ल्यास त्यालाही विषबाधा होते. आमिष बंद पेटीत ठेवावे व मेलेले उंदीर रोज उचलावेत.
- मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये. फिनॉलयुक्त जंतुनाशकेही त्याला घातक आहेत.
- मांजर चावल्यास वा त्याने ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता आरोग्य केंद्रात जावे.

कायदा व मर्यादा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मांजरांनाही लागू आहे. विष घालून प्राणी मारणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये शिक्षेस पात्र ठरू शकते. मुंबई महानगरपालिकेने भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाची वाट चोखाळली आहे. ग्रामीण भागात पशुवैद्यकीय दवाखाना, ग्रामपंचायत व प्राणिकल्याण संस्था यांच्या समन्वयातून असे काम उभे राहू शकते.

मात्र ही पद्धत सर्वत्र योग्य नाही. निर्बीजीकरणानंतरही मांजर शिकार करीतच राहते. म्हणून अभयारण्याच्या सीमेवर किंवा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या क्षेत्रात मांजरे परत सोडण्यापूर्वी वन विभागाचा सल्ला घ्यावा. ऊसतोडणीच्या वेळी सापडणारी पिल्ले पुष्कळदा वाघाटी किंवा रानमांजराची असतात. त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ती घरी न नेता जागीच ठेवून वन विभागास कळवावे. आई बहुधा रात्री त्यांना घेऊन जाते.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील एक गोदाम किंवा शेळ्यांचा एक वाडा निवडून तेथील मोजणी, शस्त्रक्रिया व वर्षभरातील नव्या पिल्लांची नोंद ठेवावी. त्या नोंदवहीतील घटते आकडे शेजारच्या शेतकऱ्यांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर पटतील.